आधी मोजमाप, मग काम

सप्टेंबर २०२२ मध्ये आई सांगलीहून आमच्याकडे कॅनडातल्या मिसिसागाला आली. ऑक्टोबर सरत आला, थंडी पडू लागली आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, “अगं, तुझ्या देवघरात निरांजन टिकत नाही. वारा कुठून येतोय?”

“सगळ्या खिडक्या बंद आहेत, आई. वारा येईल कुठून?” मी म्हटलं. तिने ज्योतीकडे बोट दाखवलं. ज्योत एका बाजूला झुकून थरथरत होती. मी विषय तिथेच सोडला. तेव्हा तिचं ऐकलं असतं, तर काही हजार डॉलर आणि एक अख्खा हिवाळा वाचला असता. दुसऱ्या कुणाचं तरी ते नुकसान टळावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर १९७४ सालचं. गॅसचं बिल भरमसाट यायचं, वरच्या खोल्या गार आणि बेसमेंटची फरशी बर्फासारखी. फर्नेस जुनी झाली होती. आम्ही जाहिरात बघून एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याने दहा मिनिटं फर्नेस पाहिली, शिडीवर चढून अ‍ॅटिकमध्ये टॉर्च फिरवला आणि सांगितलं, “तेवढ्याच ताकदीची नवी फर्नेस आणि अ‍ॅटिकला भरपूर इन्शुलेशन.” सरकारी मदतीसाठी आधी एनर्जी ऑडिट लागतं असं मी ऐकलं होतं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, “ऑडिटच्या तारखा मिळत नाहीत आणि थंडी कुणासाठी थांबत नाही. तपासणी नंतर करून घ्या, कागदपत्रांचं आम्ही बघू.” आम्ही सही केली. सगळं मिळून ९,००० डॉलर. तेही त्याच्याच ओळखीच्या कंपनीकडून १२ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीवर. महिन्याला १२९ डॉलरचा हप्ता सोपा वाटला. दहा वर्षांत फेड जवळजवळ साडेपंधरा हजारांपर्यंत जाते, हा गुणाकार मी केलाच नाही.

त्या वेळी दोन दारं उघडी होती. मे २०२१ मध्ये कॅनडा ग्रीनर होम्स ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली होती. घराची ऊर्जा वाचवणाऱ्या कामांना ५,००० डॉलरपर्यंत अनुदान आणि तपासणीच्या खर्चापोटी ६०० डॉलरपर्यंत परतफेड. जून २०२२ पासून त्याच नावाने ४०,००० डॉलरपर्यंतचं बिनव्याजी कर्जही मिळू लागलं होतं, फेड दहा वर्षांत. दोन्हींची पहिली अट एकच होती : काम सुरू होण्याआधी नोंदणीकृत एनर्जी अ‍ॅडव्हायझरकडून घराची तपासणी. कर्जाच्या बाबतीत तर अर्ज मंजूर होईपर्यंत कामाला हात लावायचा नव्हता. आम्ही वरातीमागून घोडं नेलं.

फेब्रुवारीत थंडी दोन दिवस ओसरली आणि अ‍ॅटिकच्या झाकणाच्या कडेने पाणी ठिबकू लागलं. छप्पर गळतंय असं वाटलं. छप्पर धड होतं. मार्चमध्ये अखेर अ‍ॅडव्हायझर बाई आल्या, तेव्हा खरं कारण कळलं.

त्या अडीच-तीन तास घरात होत्या. बाहेरून भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, फर्नेस आणि गिझरवरच्या पट्ट्या वाचल्या, बेसमेंटच्या छताजवळची लाकडी चौकट हाताने चाचपली. मग पुढच्या दारात लाल कापडाची चौकट बसवली आणि त्यात भला मोठा पंखा. हा ब्लोअर डोअर. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होतो आणि जिथे जिथे फट असेल तिथून थंड हवा आत घुसते. “माझ्यामागून चला,” त्या म्हणाल्या. देवघराखालच्या विजेच्या सॉकेटपाशी त्यांनी माझा हात धरला. तळव्याला सुरीच्या पात्यासारखा गार झोत लागला. आईची ज्योत झुकवणारा वारा हाच.

त्या दाबाला आमच्या घरातली सगळी हवा तासाला ८.४ वेळा बदलत होती. सगळ्या फटी एकत्र केल्या तर जवळजवळ चाळीस सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भगदाड झालं असतं. बर्फ पडत असताना अशी एक खिडकी आम्ही वर्षानुवर्षं सताड उघडी ठेवली होती.

अ‍ॅटिकमधलं दृश्य त्याहून वाईट होतं. स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासाची वाफ दिव्यांच्या भोकांतून आणि झाकणाच्या कडेने वर जात होती. पूर्वी घरातून झिरपणाऱ्या उष्णतेमुळे अ‍ॅटिक थोडं कोमट राहायचं. नव्या इन्शुलेशनने ते गार पडलं, फटी मात्र तशाच राहिल्या. वाफ छताच्या फळ्यांना लागून गोठली आणि ऊन पडताच वितळून खाली आली. बाथरूमच्या पंख्याचा पाईप बाहेर काढलेलाच नव्हता. त्याचं तोंड इन्शुलेशनखाली गाडलं गेलं होतं. छपराच्या कडेच्या हवेच्या वाटाही त्याच इन्शुलेशनने बुजल्या होत्या. खिळ्यांची टोकं गंजलेली, फळ्यांवर काळे डाग.

“आणि अनुदान?” मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आज मला जे दिसतं, तीच तुमची सुरुवात. अ‍ॅटिकमध्ये आता आर-६० दर्जाचं पुरेपूर इन्शुलेशन आहे, म्हणजे ते काम माझ्या अहवालात उरलेलं नाही.” गॅसच्या फर्नेसला तर त्या योजनेत मदत नव्हतीच. पुढे घराच्या उष्णतेचा हिशेब मांडला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. ताशी सुमारे ५२,००० बीटीयू पुरतील अशा घरात आम्ही १,००,००० ची फर्नेस बसवली होती. म्हणूनच ती पाच मिनिटं धडधडायची, बंद पडायची, आणि खोल्या कधी तापलेल्या तर कधी गारठलेल्या असायच्या.

अ‍ॅटिकमधलं ओलं इन्शुलेशन काढून, फटी बुजवून, पाईप बाहेर नेऊन पुन्हा भरायला १,९०० डॉलर पदरचे गेले. उरलेली कामं मात्र आम्ही अहवालातल्या क्रमाने केली. घरभर फटी बुजवणं, बेसमेंटच्या भिंती आणि चौकटीचं इन्शुलेशन, शेवटी थंड हवामानात चालणारा हीट पंप. कर्जमंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत एक खिळाही ठोकू दिला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरी तपासणी झाली. ८.४ चा आकडा ४.९ वर आला आणि घराची वर्षाची ऊर्जा १७१ गिगाज्यूलवरून १०४ वर.

आता तुम्हाला कळकळीने सांगायच्या गोष्टी.

तपासणारा आणि काम करणारा वेगळे ठेवा. ज्याला फर्नेस विकायची आहे, त्याला घराचं दुखणं फर्नेसमध्येच दिसणार. अ‍ॅडव्हायझर नॅचरल रिसोर्सेस कॅनडा या केंद्रीय खात्याकडे नोंदलेल्या संस्थेचा आहे ना, हे आधी पाहा.

तपासणीच्या दिवशी घरी थांबा आणि मागे मागे फिरा. अ‍ॅटिकच्या झाकणाखालचं कपाट रिकामं करा, बेसमेंटच्या भिंतींपुढचं सामान हलवा, वर्षभराची बिलं काढून ठेवा. लाकडाची शेकोटी असेल तर राख आधी साफ करा, नाहीतर पंखा ती घरभर उडवेल. जुन्या घराच्या अ‍ॅटिकमध्ये चमकदार, खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हात लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, अ‍ॅडव्हायझरना आधीच सांगा.

अहवाल नीट वाचा. तपासणीनंतर घराला मिळणाऱ्या एनरगाइड लेबलवरचा आकडा वर्षाच्या गिगाज्यूलमध्ये असतो, कमी तितका चांगला. उष्णता छतातून किती जाते, भिंतीतून किती, तळघरातून किती आणि फटींतून किती, हेही त्यात असतं. पैसा कुठे घालायचा ते तिथे लिहिलेलं आहे.

क्रम मोडू नका. आधी फटी, मग इन्शुलेशन, मग यंत्र. यंत्राची ताकद जुन्या यंत्रावरून ठरवू देऊ नका. घराला किती उष्णता लागते, याचा सीएसए एफ२८० पद्धतीचा हिशेब लेखी मागा. घर घट्ट झालं की ताज्या हवेची सोय बघा, लागल्यास एचआरव्ही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता राखून ताजी हवा आत आणणारं यंत्र, बसवा. गॅसचा गिझर किंवा फर्नेस असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आपल्याकडे चांगल्या घराला आपण हवेशीर म्हणतो आणि ते खरंच आहे. इथल्या थंडीत हवा यायला हवी, पण आपण ठरवलेल्या वाटेने.

कर्जाचं गणित हप्त्यावर करू नका. एकूण फेड किती आणि बिलात बचत किती, हे शेजारी शेजारी मांडा. ग्रीनर होम्सच्या कर्जात फार तर १५ टक्के रक्कम आगाऊ मिळायची, बाकीची काम आणि दुसरी तपासणी झाल्यावर. अशा कर्जात मधल्या काळातले पैसे कुठून द्यायचे, हे कॉन्ट्रॅक्टरशी लेखी ठरवा. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आपण न बोलावता दारात येऊन फर्नेस किंवा वॉटर हीटरचा करार करून घ्यायला मार्च २०१८ पासून बंदी आहे. घरी बसून केलेला करार १० दिवसांच्या आत रद्द करता येतो. मला हे तेव्हा ठाऊक असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी तो फाडला असता.

ग्रीनर होम्सचं अनुदान फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झालं आणि कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये. ऑन्टॅरिओत जानेवारी २०२५ पासून होम रिनोव्हेशन सेव्हिंग्ज ही योजना आली. तिच्यात काही कामांना आधी तपासणी लागते, काहींना नाही. उद्या आणखी एखादी येईल. नियम प्रत्येक वेळी मुळातून वाचा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. मदत एकही मिळणार नसली तरी तपासणी करा. माझ्या ९,००० डॉलरच्या चुका तिने तीन तासांत दाखवल्या.

गेल्या दिवाळीत आई पुन्हा आली. बाहेर गोठवणारा वारा होता. तिने देवघरात निरांजन लावलं आणि थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली. ज्योत सरळ होती. “आता राहील,” ती म्हणाली.

तुमच्या घरात अशी जागा असेल, जिथे दिवा झुकतो, पडदा हलतो, पावलं गारठतात, तर आधी तपासणीची तारीख घ्या. कॉन्ट्रॅक्टरला फोन त्यानंतर.