दुसऱ्याचा माल विकताना : अज्ञान आणि जबाबदारी

व्यापारात प्रत्येक जण स्वतःचाच माल विकतो असे नाही. कोणी मित्राचा जुना मोबाइल विकून देतो, कोणी नातलगाची दुचाकी, तर कोणी ओळखीच्या माणसाने दुकानात आणून ठेवलेला दागिना. कधी त्यात दलाली मिळते, कधी हे काम केवळ स्नेहापोटी केले जाते. फिकहमध्ये अशा प्रतिनिधित्वाला ‘वकालत’ म्हणतात आणि ती वैध आहे. प्रेषितांनी (स.) उरवा अल्-बारिकी (रजि.) यांना बकरी आणण्यासाठी एक दीनार दिल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. परंतु विकायला दिलेली वस्तूच चोरीची निघाली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे ठरते काय?

सूरह अन्-निसाच्या आयती १०५ ते ११३ यांच्या संदर्भात भाष्यकारांनी मदीनेतील एक घटना नोंदविली आहे. एका वृत्तानुसार तुअमा बिन उबैरिक याने शेजाऱ्याचे चिलखत चोरले आणि ते एका यहुदी गृहस्थाकडे ठेवायला दिले. चिलखत पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला भोक होते. सांडलेल्या पिठाच्या मागावर लोक त्या गृहस्थाच्या घरी पोहोचले. माल तेथेच सापडला. तुअमाने कानांवर हात ठेवले, भाऊबंदांनी त्याची बाजू उचलून धरली, आणि संशय एका निरपराध माणसावर आला. अखेर दिव्य प्रकटनाने त्याला दोषमुक्त केले. प्रकटनाची ही मालिका आता समाप्त झाली आहे. आज आपल्या बाजूने बोलतील ते कागद आणि साक्षीदारच.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : गुन्हा कोणाचा, आणि हक्क कोणाचा?

पहिल्या प्रश्नात शरीअत हेतू पाहते. नकळत घडलेल्या चुकीबद्दल अल्लाह पकड करीत नाही, हे सूरह अल्-अहजाबच्या पाचव्या आयतीवरून स्पष्ट होते. मात्र पाप नसले म्हणून भरपाईही नाही, असे समजू नये. चुकून झालेल्या मनुष्यवधातही कुरआनने वारसांसाठी ‘दियत’ ठरविली आहे (४:९२). मालमत्तेच्या बाबतीतही तसेच आहे. सुनन अबू दाऊदमधील हदीसीचा आशय असा, की ज्याला आपली वस्तू दुसऱ्याजवळ सापडली त्याचाच तिच्यावर अधिक हक्क आहे आणि खरेदीदाराने आपल्या विक्रेत्याचा पाठपुरावा करावा. वस्तू किती हातांतून फिरली, यामुळे मालकाचा हक्क लोप पावत नाही.

आपल्या देशाचा कायदाही हेच दोन प्रश्न वेगळे ठेवतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ नुसार चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारणे किंवा जवळ ठेवणे, तसेच तिची विल्हेवाट लावण्यास स्वेच्छेने साहाय्य करणे, हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा व्यवहार सवयीने करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. खरोखर अनभिज्ञ असलेला मनुष्य या कलमाखाली दोषी ठरत नाही. परंतु कायद्याचे शब्द केवळ ‘माहीत असणे’ एवढेच नाहीत. ‘तसे मानण्यास कारण असणे’ हेही त्यात आहे. वीस हजारांचा मोबाइल कोणी बिल न देता चार हजारांत विकायला सांगत असेल आणि आपण काहीच विचारले नाही, तर ते अज्ञान नव्हे. ती डोळेझाक आहे. शिवाय चोरीनंतर लवकरच जो माल बाळगताना आढळतो आणि तो कसा आला हे सांगू शकत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये हे उदाहरणासह दिले आहे.

आता हक्काचा प्रश्न. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चा मूळ नियम असा, की विक्रेत्याजवळ नसलेली मालकी खरेदीदाराला मिळत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २२३ मधील एक उदाहरण तर आपल्या विषयाचेच आहे. प्रतिनिधीने दुसऱ्याच्या सांगण्यावरून माल विकला, पैसेही प्रामाणिकपणे त्याला दिले; पुढे खरा मालक उभा राहिला आणि त्याने त्या प्रतिनिधीकडून मालाची किंमत व दाव्याचा खर्च वसूल केला. प्रतिनिधीला ही रक्कम माल देणाऱ्याकडून मागता येते. पण तो पसार झाला असेल तर हा हक्क कागदावरच राहतो. आणि ते कृत्य गुन्हा आहे हे प्रतिनिधीला माहीत असेल, तर कलम २२४ प्रमाणे भरपाईचे वचनही निरुपयोगी ठरते.

म्हणून वस्तू हाती घेण्यापूर्वीच चौकशी करावी. मूळ बिल व देणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे आणि मालकीचे लेखी निवेदन स्वाक्षरीसह घ्यावे. मोबाइलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’वर तपासावा, वाहनाचा चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. रक्कम बँकेमार्फत द्यावी. ‘घरचाच माणूस आहे, त्याला कसे विचारू?’ हा संकोच सोडावा. कुरआनने तर परस्परांतील उधारीचा व्यवहारही लिहून ठेवण्याचा आदेश दिला आहे (२:२८२).

विक्रीपूर्वी संशय आला तर विक्री थांबवावी आणि वस्तू देणाऱ्याच्या हाती परत न सोपविता पोलिसांना कळवावे. विक्री झाल्यावर सत्य समजले तर खरेदीदारापासून ते लपवू नये, मिळालेली दलाली आपली समजू नये, निरोप व पावत्या पुसून टाकू नयेत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. आतापर्यंत आपण अनभिज्ञ होतो. कळल्यानंतरचे मौन मात्र आपला स्वतःचा निर्णय असतो. पाप व अत्याचाराच्या कामात सहकार्य करू नका, ही सूरह अल्-माइदाची आज्ञा (५:२) त्या क्षणापासून आपल्याला थेट लागू होते.

ज्याची वस्तू गेली, तो कोठेतरी तिचा शोध घेत असतो. त्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हाच आपली कमाई शुद्ध ठेवण्याचा मार्ग आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका आणि अमानतीची जाण देवो. आमीन.