रास्पबेरी पायचा आवाज सुधारायचा, तर पैसा कुठे लावावा?

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या गावांतून टेप आणि रेडिओ दुरुस्त करणारे जे उस्ताद होते, त्यांपैकी बरेच जण आज मोबाइलच्या काचा बदलून गुजराण करीत आहेत. सोल्डरिंगचा हात मात्र गेलेला नाही. त्या हाताला शोभेल असे एक काम आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी. पण दुकानात दिवसभर आवाज चालू असतो, म्हणून या विषयाची गोडी लागली.

रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावरचा पूर्ण संगणक. इंग्लंडातील केंब्रिज येथून तो फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला, तो मुलांना संगणक शिकविण्यासाठी. लोकांनी त्याचा गाणी वाजविण्याचा डबा केला. इंटरनेटवरून किंवा पेन ड्राइव्हवरून आवाज घ्यायचा, मोबाइलवरून हुकूम द्यायचा, अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे. त्यासाठी व्हॉल्युमिओ, मूड, पायकोअरप्लेअर असे सॉफ्टवेअर फुकट मिळते. संगीत ऐकावे की नाही, हा प्रश्न आलिमांचा आहे. आम्ही त्यात पडत नाही. याच डब्यावर तिलावत, नात आणि बयानही वाजते, आणि कारीच्या आवाजातली बारीक हरकत खरखरीत बुडाली तर ऐकणाऱ्याचे मन उडतेच.

तक्रार सुरू होते ती बोर्डावरच्या हेडफोनच्या भोकापासून. पहिल्या मॉडेलपासून चौथ्यापर्यंत त्या भोकामागे आवाजाची खास चिप नाही. प्रोसेसर एक टोक झपाट्याने चालू-बंद करतो आणि त्यातून कसाबसा आवाज गाळून निघतो. शांत जागी सरसर ऐकू येते ती त्यामुळे. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या मॉडेलात तर हे भोकच ठेवलेले नाही. म्हणून पहिला खर्च वेगळ्या डॅकवर, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या बोर्डावर, करावा.

पीसीएम ५१०२ए या चिपचे छोटे बोर्ड स्वस्तात मिळते. जोडणी अशी: पायच्या पिनांपैकी २ नंबरवरून ५ व्होल्ट, ६ नंबरवरून ग्राउंड, १२ वरून बिट क्लॉक, ३५ वरून डावा-उजवा क्लॉक आणि ४० वरून डेटा. डॅकवरची एससीके ही पिन ग्राउंडला जोडावी. पाय तिच्यासाठी सिग्नल देत नाही आणि ती मोकळी राहिली तर बोर्ड मुके बसते किंवा खरखरते. तारा दोन-तीन इंचांच्या ठेवाव्यात. मग सॉफ्टवेअरच्या यादीतून हायफायबेरी डॅक निवडले की काम झाले.

याहून वरचा माल हवा असेल तर स्वतःचे दोन क्रिस्टल असलेला डॅक घ्यावा. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा, व्हिडिओचा ४८,०००चा. पायच्या एकाच क्रिस्टलमधून हे दोन्ही ताल सरळ भागाकाराने निघत नाहीत, थोडी ओढाताण होते. दोन क्रिस्टलांचा डॅक ताल स्वतः देतो आणि पाय त्याच्या मागे चालतो. फरक आहे, पण बारीक आहे. साध्या स्पीकरवर तो कळणार नाही, हे गिऱ्हाइकाला अगोदरच सांगावे.

खरी गंमत विजेत आहे आणि आपल्या भागात तर अधिकच. बोर्डाचे व्होल्टेज ४.६३च्या खाली गेले की पाय स्वतः इशारा देतो. पडदा जोडलेला असेल तर विजेचे चिन्ह दिसते. पुष्कळदा दोष चार्जरचा नसून बारीक यूएसबी तारेचा असतो. जाड आणि आखूड तार लावावी. तिसऱ्या मॉडेलला अडीच अँपिअर, चौथ्याला ३, पाचव्याला ५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. मोबाइलचा हलका चार्जर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किणकिण सोडतो ती वेगळीच.

इथे जुन्या उस्तादांचे काम येते. ट्रान्सफॉर्मरवरचा पुरवठा ते डोळे मिटून बांधतील. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर डायोड आणि कपॅसिटरनंतर साधारण ११ व्होल्ट मिळतात. ते ५ वर आणताना दर अँपिअरला ६ वॅटची उष्णता निघते. आमच्याकडच्या मे महिन्यात एवढी उष्णता छोट्या पत्र्याने जिरणार नाही. हीटसिंक मोठे घ्यावे, डब्याला भोके पाडावीत. दुकानाचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतो. तो दोष डॅकच्या माथी मारू नये.

घूं असा आवाज येत असेल तर आधी अ‍ॅम्प्लिफायरमधून पायची तार काढावी. घूं राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा. गेली तर पाय पॉवर बँकवर चालवून पाहावा. तेव्हा आवाज स्वच्छ झाला तर चार्जर बदलावा किंवा दोन्ही यंत्रे एकाच बोर्डाच्या सॉकेटवर घेऊन अर्थिंग तपासावे. या परीक्षेला दमडी लागत नाही.

लाइट अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडते, हा नेहमीचा रोग. पायकोअरप्लेअर सुरू होताच स्वतःला रॅममध्ये उतरवून घेतो, त्यामुळे कार्डावर लिहिणे जवळजवळ होत नाही. ज्या गावी वीज भरवशाची नाही तिथे आम्ही तोच सुचवू.

आता मालाबद्दल. मांजरपाटाला इस्त्री केली म्हणून त्याची मलमल होत नाही. सीडीचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिटचा. तोच १२८च्या एमपी३मध्ये कोंबला की जे धागे गळाले ते कोणताही डॅक परत विणू शकत नाही. फ्लॅकमध्ये मात्र काहीच गळत नाही आणि जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते. सॉफ्टवेअरमधला आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करावे. नमुन्यांचा दर बदलणारी सोय बंद ठेवावी.

बाजारात हजारोंच्या तारा 'आवाज उघडतो' म्हणून विकल्या जातात. दोन-तीन फुटांच्या जोडणीत चांगल्या जाळीची साधी तार पुरे. ज्याने अशी तार गळ्यात मारली त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

काउंटरवर नमुन्याचा एक डबा चालू ठेवावा: एकीकडे पायचे भोक, दुसरीकडे डॅक, मध्ये बदलाचे बटण, आणि चीज तीच. दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवावा. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि त्या जोरावर झालेला सौदा घरी गेल्यावर टिकत नाही.