बॅकहँड फ्लिक : मनगटाआधी कोपर

पिकलबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे खेळाडू जाळीजवळ उभे राहून चेंडू हलक्या हाताने एकमेकांच्या पुढ्यात टाकत असताना, त्या संथ लयीतच एखादा खेळाडू चेंडूचा टप्पा पडण्याआधी उलट्या हाताने तो खालून वर झटकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर वेगाने पाठवतो. या फटक्याला ‘बॅकहँड फ्लिक’ म्हणतात. फटका आटोपशीर असतो, त्यासाठी हात मागे न्यावा लागत नाही आणि पाहणाऱ्याला हललेले दिसते ते फक्त मनगट. त्यामुळे हा सारा मनगटाचा खेळ आहे अशी शिकणाऱ्याची समजूत होते. प्रस्तुत लेखकाने या समजुतीपायी उजवे कोपर आठ महिने दुखवून घेतले, तेव्हा पुढील विवेचनात फटक्याच्या तंत्राइतकीच जागा त्याच्या चुकांना दिली आहे.

ही समजूत महाराष्ट्रात सहज पसरते, याचे कारण खेळाच्या जन्मकथेतच आहे. 1965 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी हा खेळ रचला तो घराजवळच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. म्हणून आजही पिकलबॉलचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच, म्हणजे 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असते. मुंबई, ठाणे, पुणे येथील अनेक गृहसंकुलांत बॅडमिंटनच्याच कोर्टावर दुसऱ्या रंगाच्या रेघा मारून हा खेळ सुरू झाला आणि त्या रेघांच्या आत पहिले पाऊल टाकले ते बहुधा बॅडमिंटनमध्ये हात मुरलेल्या, पण गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या मंडळींनी. कोर्ट तेच असले तरी जाळी मात्र तीच नाही. बॅडमिंटनची जाळी मध्यभागी 5 फूट उंच असते, तर पिकलबॉलची मध्यभागी 34 इंच आणि कडांना 36 इंच, म्हणजे साधारण कमरेएवढी. बॅडमिंटनचे शटल सुमारे 5 ग्रॅमचे आणि रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली. पिकलबॉलचा भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू मात्र 25 ग्रॅमच्या आसपास आणि ‘पॅडल’ नावाची त्याची बिनतारांची फळी बहुधा सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात असते. शटलला जी टिचकी पुरते तीच टिचकी या चेंडूला, या फळीने मारू पाहणारा खेळाडू त्याच मनगटाकडून कितीतरी पट काम मागत असतो. आणि मनगट ते काही दिवस बिनतक्रार करते, हीच खरी अडचण आहे.

फ्लिकचे स्थान समजण्यासाठी ‘किचन’ या पट्ट्याची ओळख हवी. जाळीच्या दोन्ही बाजूंना 7 फूट रुंदीची जी पट्टी आखलेली असते तिच्यात उभे राहून ‘व्हॉली’, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारता येत नाही. या पट्टीला खेळाडू सर्रास किचन म्हणतात (स्वयंपाकघरात शिरण्यास मनाई असलेला हा बहुधा एकमेव खेळ असावा). व्हॉली मारल्यानंतर तोल जाऊन पाय पट्टीत पडला तरी तो दोष धरला जातो, मग चेंडू तोवर मृत झालेला असो वा नसो. त्यामुळे दोन्ही जोड्या या रेघेच्या मागे येऊन उभ्या राहतात आणि ‘डिंक’ म्हणजे जाळीवरून जेमतेम उतरून समोरच्या किचनमध्ये पडणारा मऊ चेंडू टाकत राहतात. ज्याचा डिंक अंमळ उंच उठेल त्याच्यावर हल्ला होतो. या वेळी समोरासमोरच्या खेळाडूंमधले अंतर 14 फूट, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास असते. चेंडू सरासरी सेकंदाला 15 मीटर वेगाने गेला, तर समोरच्याला मिळणारा अवधी सेकंदाच्या तीन दशांशांपेक्षाही थोडा कमी भरतो, आणि दिसलेल्या गोष्टीवर नुसती हालचाल सुरू करायलाच माणसाला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात. फ्लिकचे सामर्थ्य या हिशेबात आहे, ताकदीत नाही; अडचण इतकीच की चेंडू परतला, तर तो परतवण्यासाठी फ्लिक मारणाऱ्यालाही तेवढाच अवधी मिळतो.

प्रस्तुत लेखकाने फ्लिक शिकण्यास आरंभ केला तो बेन जॉन्स आणि जे. डब्ल्यू. जॉन्सन या अमेरिकी व्यावसायिकांच्या चित्रफिती संथ गतीने पाहून. दोघांचाही हा फटका नावाजलेला आहे, आणि संथ गतीत डोळा नेमका सर्वांत वेगाने फिरणाऱ्या भागावर, म्हणजे मनगटावर आणि पॅडलच्या टोकावर खिळतो. त्याआधी कोपर कुठे येऊन थांबले, गुडघे किती वाकले, चेंडू शरीरापासून किती पुढे भेटला, याकडे लक्ष जात नाही. बॅडमिंटनमधला जुना सराव गाठीशी असल्याने मनगटाबद्दल विश्वास होताच. मग रोज सकाळी एका मित्राला समोर उभे करून सुमारे 200 चेंडू पॅडल घट्ट आवळून, कोपर बरगडीला चिकटवून, निव्वळ मनगटाच्या झटक्याने मारण्याचा क्रम सुरू झाला. पहिल्या पंधरवड्यात दहापैकी तीन-चार चेंडू सुरेख जात, आणि त्या तीन-चारांच्या आनंदात उरलेले सहा-सात विसरले जात. ते सहा-सात कुठे जात हेही सांगण्याजोगे आहे: काही जाळीत, काही मागच्या रेघेबाहेर आणि काही समोरच्याच्या खांद्याच्या उंचीवर, अलगद, जणू आमंत्रण दिल्यासारखे. सामन्यात अशा उठलेल्या चेंडूवर समोरून जो फटका येतो तो फ्लिक मारणाऱ्यावर क्वचित, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या निरपराध जोडीदारावर बहुधा येतो. लेखकाच्या जोडीदाराच्या मांडीवर भोकांच्या नक्षीसह उमटलेला लालभडक वर्तुळाकार वळ दोन दिवस टिकला आणि त्यानंतर त्या गृहस्थांनी खेळायला येताना जाडजूड ट्रॅक पँट घालण्यास सुरुवात केली.

कोपराचे दुखणे याहून गुपचूप आले. पाचव्या आठवड्यात दुधाची पिशवी उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर बारीक कळ आली, सातव्या आठवड्यात कुलपाची किल्ली फिरवताना, आणि नंतर चहाचा भरलेला कप उचलतानाही. या दुखण्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, पण ते होण्यासाठी टेनिस खेळावेच लागते असे नाही. मनगट मागे उचलणारे स्नायू हाताच्या पाठीकडून वर जात कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर एका सामाईक कंडरेने (म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोरीने) जोडलेले असतात. पॅडल आवळून धरताना हेच स्नायू मनगट स्थिर ठेवतात, उलट्या हाताच्या झटक्यात तेच आखडतात, आणि चेंडू आदळल्याचा हादराही त्यांच्याच मुळाशी पोचतो. अशी तिहेरी चाकरी एकाच कंडरेकडून दररोज 200 वेळा, तीही चाळिशीनंतर करून घेतली, तर तिची झीज भरून निघण्यापेक्षा वेगाने होते. लेखकाने या काळात केलेली दुसरी चूक पहिलीहून मोठी होती: वेदनाशामक गोळी घेऊन खेळ चालू ठेवणे. गोळीने कळ दबली, झीज दबली नाही, आणि तीन आठवड्यांत बरे होऊ शकले असते ते आठ महिन्यांवर गेले.

उपचाराविषयी थोडक्यात सांगायचे तर ते कंटाळवाणे असतात, आणि ज्यांना ते कंटाळवाणे वाटत नाहीत त्यांनी ते नीट केलेले नसतात. तळहात जमिनीकडे करून पुढचा हात टेबलावर टेकवावा, मनगट कडेबाहेर ठेवावे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मुठीत धरून ती दुसऱ्या हाताच्या आधाराने वर आणावी आणि मग आधार काढून, मनात पाचपर्यंत मोजत, दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडावी. भौतिकोपचार तज्ज्ञांनी लेखकाला दिलेल्या व्यायामाचा गाभा एवढाच होता. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास आठवडाभरात मोकळे वाटते हे खरे, पण वर्षअखेरीस अशा रुग्णांची स्थिती इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा चांगली नसल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे, तेव्हा घाईत तो मार्ग धरण्यापूर्वी डॉक्टरांना नीट विचारावे.

सक्तीच्या विश्रांतीत लेखकाने त्याच चित्रफिती पुन्हा पाहिल्या, पण या वेळी मनगटावर अंगठा ठेवून, म्हणजे अक्षरशः पडद्यावरचे मनगट झाकून, आणि तेव्हा फटका पहिल्यांदा नीट दिसला. चेंडू येण्याआधीच कोपर बरगडीपासून सुटून शरीरापुढे आलेले असते. ते बिजागरीसारखे जवळजवळ जागच्या जागी राहते आणि त्याच्याभोवती पुढचा हात फिरतो. पॅडलचे टोक आधी चेंडूच्या खाली उतरते, या वेळी हाताची पाठ समोर आणि किंचित वर असते. मग दाराची गोल मूठ बाहेरच्या बाजूला फिरवताना पुढचा हात जसा वळतो तसा तो वळत वर येतो आणि पॅडल चेंडूच्या पाठीवरून खालून वर घासत जाते. पत्ते वाटताना समोरच्याकडे पान भिरकावण्याची क्रिया याच जातीची आहे, फरक इतकाच की पान आडवे जाते आणि पॅडल वर चढते. मनगट या साखळीतला शेवटचा दुवा असते. ते सैल असल्याने आपोआप झटकले जाते, मुद्दाम झटकावे लागत नाही. या घासण्याने चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी मिळते, जिला ‘टॉपस्पिन’ म्हणतात, आणि ती चेंडूला जाळी ओलांडल्यावर खाली ओढते. जाळीहून खाली भेटलेला चेंडू वर चढवायचा आणि तरीही कोर्टात उतरवायचा, तर ही गिरकी हवीच. ती नसताना जोर वाढवला की चेंडू बाहेर जातो आणि जोर कमी केला की उठतो.

पकडीचा प्रश्न लहान वाटतो, पण कोपराचे भवितव्य तिथेच ठरते. हातोडा धरावा तशी पकड बहुतेकांना चालते. ती किती घट्ट असावी, यासाठी जिवाच्या आकांताने आवळणे म्हणजे दहा असे धरले तर चेंडूची वाट पाहताना तीन आणि चेंडू लागतानाच्या क्षणी पाच पुरे. समोरच्या माणसाने पॅडलचे टोक धरून ओढले तर ते थोडे निसटावे, इतपत ती सैल हवी; लेखकाच्या आधीच्या पकडीतून पॅडल सोडवण्यासाठी मित्राला पाय रोवावे लागले असते.

तंत्र इथवर आले तरी फ्लिक कोणत्या चेंडूवर मारू नये हा भाग उरतो, आणि लेखकाच्या मते शिकण्याचा निम्म्याहून अधिक भाग तोच आहे. गुडघ्याखाली आलेला चेंडू सोडून द्यावा, म्हणजे टप्पा पडू देऊन साधा डिंक करावा. ज्यासाठी बाजूला धावावे किंवा लांब हात पसरावा लागला तो चेंडूही सोडावा, कारण पसरलेल्या हाताचे कोपर पुढे बिजागरी होऊन राहू शकत नाही आणि सगळा भार पुन्हा मनगटावर येतो. वजन टाचांवर गेले असेल तर चेंडू कितीही गोड दिसो, हात आवरावा. तोल पुढे झोकून मारलेल्या फटक्याचा शेवट मात्र बहुधा किचनमधल्या पावलात होतो. उरतो तो चेंडू गुडघा आणि कंबर यांच्यामध्ये, शरीरापुढे वीतभर, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या कुल्ल्यासमोर, मंद गतीने तरंगत आलेला. सुरुवातीला असा चेंडू एका डावात दोन-तीनदाच मिळेल. तेवढेच फ्लिक मारावेत. नाही तरी या फटक्याचे बळ अनपेक्षितपणात असते: तयारी हुबेहूब डिंकसारखी दिसली पाहिजे, आणि सलग तिसऱ्यांदा मारलेल्या फ्लिकची समोरचा पॅडल उंचावून, हसतमुखाने, वाटच पाहत असतो.

नेम मोकळ्या जागेवर धरण्याची ओढ सर्वांना होते, परंतु सव्वाचार मीटरवरून मोकळ्या जागेपेक्षा माणसाचे अंगच अधिक अडचणीचे ठिकाण ठरते. समोरचा उजव्या हाताचा असल्यास त्याच्या उजव्या काखेपासून कुल्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात आलेला चेंडू सरळ हाताने घ्यावा की उलट्या, हे त्याला ठरवता येत नाही आणि कोपर कोंबडीच्या पंखासारखे वर जाते. डोक्याच्या उंचीवर मात्र कधीही मारू नये. तो चेंडू एक तर बाहेर जाणारा असतो किंवा कुणाच्या डोळ्याला लागणारा. फटका मारून झाल्यावर पॅडल खांद्यापर्यंत मिरवत न नेता छातीसमोर थांबवावे, कारण परतलेला चेंडू टाळी वाजण्याच्या आत परत आलेला असतो.

लेखकाचा आजचा सराव आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 20 चेंडूंच्या तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे विश्रांती एवढाच आहे, आणि 60 वा चेंडू कितीही छान लागला तरी 61 वा मारला जात नाही. दहापैकी सहा आत पडतात. नव्याने शिकणाऱ्यांना विनंती एकच: सरावाला निघण्यापूर्वी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कोपराच्या बाहेरचा उंचवटा दाबून पाहावा, आणि तिथे दुखत असेल तर त्या दिवशी पॅडल पिशवीतून बाहेरच काढू नये.