सोन्याचे गाव

कॅनडा देशाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील नद्या वर्षाचे कित्येक महिने गोठलेल्या असतात. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ वितळले, की समुद्रातून सॅमन माशांचे थवेच्या थवे प्रवाहाविरुद्ध पोहत वर येत. युकॉन या महानदीला एक लहान नदी जेथे मिळते, तेथे हान जमातीचे लोक शतकानुशतके या माशांच्या वाटेवर लाकडी बांध घालीत. बांधाचे खुंटे ठोकण्यासाठी ते दगडी हातोडे वापरीत. त्यांवरूनच त्या लहान नदीला त्यांनी ‘त्रोंदेक’ असे नाव दिले होते. पुढे बाहेरून आलेल्या लोकांच्या जिभेला हा उच्चार वळेना. त्यांनी त्याचे ‘क्लोंडाइक’ केले, आणि या मोडक्या नावानेच ती नदी जगभर गाजली.

इ. स. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात क्लोंडाइकला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. ते शोधणारे लोक एकाच कुटुंबातील होते. टॅगिश जमातीचा स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली आणि जिमच्या बहिणीचा नवरा जॉर्ज कारमॅक. सोने प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. सरकारदरबारी मात्र पहिल्या शोधाचा मान कारमॅकच्या नावावर नोंदला गेला. तेथील मूळ रहिवाशाचा असा हक्क मानला जाईल, याची त्या काळी कोणालाच खात्री वाटत नव्हती!

ही वार्ता कानी पडताच आसपासच्या सर्व सोनेशोधकांनी त्या ओढ्याकडे धाव घेतली. जोसेफ लाड्यू नावाच्या व्यापाऱ्याने मात्र निराळाच विचार केला. इतकी माणसे येणार, तर त्यांना घरे लागणार, आणि घरांना फळ्या लागणार. त्याने दोन नद्यांच्या संगमावरील सपाट दलदलीची जागा आपल्या नावे करून घेतली आणि तेथे लाकूड कापण्याची गिरणी आणली. हेच डॉसन गाव. ज्या भूशास्त्रज्ञाने पूर्वी या प्रदेशाची पाहणी केली होती, त्याचे नाव गावाला मिळाले. पुढे या चिखलातील मोक्याच्या जागा हजारो डॉलरांना विकल्या गेल्या. लाड्यू श्रीमंत झाला. परंतु १९०१ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला.

क्लोंडाइकचे सोने सहज हाती येणारे नव्हते. तेथील जमीन बारमाही गोठलेली असते. तिच्यावर कुदळ मारली, तर दगडावर मारल्यासारखी उडते. म्हणून हिवाळ्यात खाणकरी रात्री जमिनीवर लाकडे पेटवीत आणि सकाळी जेवढी माती मऊ झाली असेल तेवढी उपसून काढीत. पुन्हा जाळ, पुन्हा उपसा. अशा रीतीने तळाच्या खडकापर्यंत विहिरीसारखा खड्डा खणावा लागे. वर काढलेल्या मातीचा ढीग लगेच गोठून जाई. वसंतात ओढे वाहू लागले, म्हणजे ती माती लाकडी पन्हळीतून पाण्याबरोबर सोडीत. हलकी माती वाहून जाई आणि जड सोने पन्हळीतील आडव्या पट्ट्यांपाशी अडकून राही. आपल्या ढिगात सोने किती आहे, हे त्या दिवसापर्यंत खाणकऱ्यालाही पुरते ठाऊक नसे.

जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेल्या दोन आगबोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिअॅटल या बंदरांना लागल्या, आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून निघाली असे मानतात. त्यांत शिक्षक होते, कारकून होते, दुकानदारही होते. वाटेत चिलकूट ही बर्फाची उभी खिंड होती. उपासमार होऊ नये म्हणून वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस कोणालाही सरहद्द ओलांडू देत नसत. अवजारांसह हे ओझे सुमारे ९०० किलोग्रॅम भरे. ते पाठीवर वाहण्यासाठी एकेका माणसाला तीच खिंड तीस-चाळीस वेळा चढावी लागे. ३ एप्रिल १८९८ रोजी तेथे बर्फाचा कडा कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. वाचलेल्यांनी पलीकडच्या सरोवराकाठी स्वतः होड्या बांधल्या आणि सुमारे ८०० किलोमीटरांचा जलप्रवास करून डॉसन गाठले.

तेथे त्यांना काय आढळले? सोन्याच्या बहुतेक सर्व ओढ्यांवर दोन वर्षांपूर्वीच खुंट्या ठोकल्या गेल्या होत्या. कित्येकजण चिखलाच्या रस्त्यांवरून काही दिवस हिंडले, सामान विकले आणि घरी परतले. काहींनी दुसऱ्यांच्या पट्ट्यांवर मजुरी पत्करली. गाव मात्र फुगत चालले होते. १८९८ च्या उन्हाळ्यात डॉसन आणि भोवतालच्या ओढ्यांवर मिळून हजारो लोक राहत होते. नाटकगृहे होती, पेढ्या होत्या, वर्तमानपत्रे होती. स्वच्छ पाणी तेवढे नव्हते. विषमज्वराने अनेकांचा बळी घेतला.

या गर्दीत हान लोकांचे काय झाले? त्यांच्या मासेमारीच्या जागेवर झोपड्या उठल्या, जंगल तुटले, शिकार दुर्मीळ झाली. त्यांचा नायक चीफ आयझॅक याने १८९७ मध्ये आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगास सुमारे ५ किलोमीटरांवर, मूझहाइड येथे नेले. त्याला दुसरीही एक चिंता होती. या लोंढ्यात आपल्या पूर्वजांची गाणी आणि नृत्ये बुडून जातील, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने ती अलास्कातील आपल्या आप्तांना शिकवली आणि त्यांच्याजवळ ठेव म्हणून सोपवली.

डॉसनचा बहर फार टिकला नाही. एप्रिल १८९९ मध्ये मोठ्या आगीत शंभराहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. त्याच वर्षी अलास्कातील नोम येथे समुद्रकाठच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी आली, आणि एका उन्हाळ्यात हजारो लोक बोटींत बसून चालते झाले. मागे राहिलेले सोने मोठमोठ्या कंपन्यांनी तरंगत्या अजस्र यंत्रांनी उपसले. त्या यंत्रांनी मागे टाकलेले दगडगोट्यांचे वेडेवाकडे ढीग क्लोंडाइकच्या खोऱ्यात आजही मैलोगणती पसरलेले दिसतात. १९५३ मध्ये युकॉनची राजधानीही डॉसनहून हलवण्यात आली. २०२१ च्या जनगणनेत गावात सुमारे दीड हजार माणसे होती.

चीफ आयझॅक १९३२ मध्ये वारला. १९५० नंतरच्या दशकात मूझहाइडची शाळाही बंद पडली, आणि तेथील कुटुंबे डॉसनला आली. परंतु १९९० नंतर त्याच्या वंशातील तरुण मंडळी अलास्कात गेली आणि आप्तांपाशी ठेवलेली गाणी पुन्हा शिकून आली. मूझहाइडला उन्हाळी मेळावे भरू लागले. १९९८ मध्ये कॅनडा सरकारशी झालेल्या कराराने या लोकांचे जमिनीवरील हक्क आणि स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकार मान्य झाला. २०२३ मध्ये हा परिसर जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित करण्यात आला. त्या नोंदीत क्लोंडाइकच्या आधी ‘त्रोंदेक’ हे जुने नाव लिहिलेले आहे.