जन्मनोंद आणि ग्रामशिक्षक

खेड्यातील शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर उघडले, तर जन्मतारखेच्या रकान्यात ‘१ जून’ ही तारीख ओळीने आढळते. इतकी मुले एकाच दिवशी जन्मली होती, असे नव्हे. जन्माची नोंद नसल्याने गुरुजींनी अंदाजाने वय धरून ती तारीख लिहिली होती.

पालक नोंद का करीत नाहीत? ‘निष्काळजीपणा’ हे उत्तर सोपे, पण अपुरे आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि नोंद जन्मस्थळीच करावी लागते. माहेरची माणसे सासरवर विसंबतात, सासरची माहेरवर. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचे मूल परजिल्ह्यातील फडावर जन्मते आणि हंगाम संपताच बिऱ्हाड हलते. बारसे झाल्यावाचून नोंद होत नाही, अशीही एक समजूत आहे. ती खरी नव्हे. नावाशिवाय नोंद होते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. घरी जन्म झाल्यास ती कुटुंबप्रमुखाने द्यावी. दवाखान्यात झाल्यास तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने. ३० दिवसांनंतर वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आज ग्रामपंचायतीत एका फेरीत होणारे काम उद्या तालुक्याच्या अनेक फेऱ्यांचे होते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा आहे. तथापि दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. प्रवेश आधी द्यावा, दाखल्याचा पाठपुरावा मागाहून करावा.

नोंदीचे खरे मोल मुलीच्या बाबतीत कळते. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आणि वडील ‘ती अठराची आहे’ म्हणाले, तर अंदाजाची तारीख तिचे रक्षण कसे करणार? तेथे खरी जन्मनोंदच तिच्या बाजूने साक्ष देते.

यास्तव शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. अंगणवाडीसेविका व आशा यांच्याकडून नवजात बालकांची माहिती घ्यावी. स्थलांतरित कुटुंबांस जाण्यापूर्वीच सूचना द्यावी. वर्गातील मुलांना ‘घरातील धाकट्या भावंडाचा दाखला आहे का?’ एवढे विचारले, तरी ती चौकशी घरापर्यंत पोहोचते. पालकांस दोष देण्यापेक्षा वाट दाखविणे अधिक फलदायी होय.