रणाला जायचं तर पाण्याच्या हिशोबाने

पुणे

चि. मृण्मयी,


तुम्हा चौघांचा बेत तुझ्या आईकडून कळला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी काढायची, दोन दिवसांत कच्छमधलं धोरडो गाठायचं, 31 तारखेची रात्र पांढऱ्या रणात घालवायची आणि लगेच माघारी फिरून हिंजवडीत हजर व्हायचं. गाडीने जाऊ नका, असं सांगायला हे पत्र नाही. अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे, पण रस्ता चांगला आहे आणि चालवणारे चौघे आहात. माझा आक्षेप आहे तो तारखांना, आणि त्या तारखांमागच्या समजुतीला. रण म्हणजे सिंहगडासारखी बारा महिने जागेवर असलेली वस्तू, कधीही गेलं तरी दिसेलच, असं तुम्ही धरून चालला आहात. रण दरवर्षी नव्याने तयार होतं आणि ते पाणी तयार करतं. म्हणून तिथे जाताना ऑफिसच्या रजांआधी पाण्याचा हिशोब बघावा.

तो हिशोब असा. कच्छचं मोठं रण ही समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेली, जवळजवळ सपाट, चिकण मातीची जमीन. एके काळी इथे अरबी समुद्राचाच फाटा होता. तो गाळाने भरत गेला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो, राजस्थानातून लुणी नदी येऊन मिळते आणि प्रचंड मोठ्या पट्ट्यावर उथळ पाणी पसरतं. त्याला पुढे जायला वाट नसते आणि खालची चिकण माती ते सहज मुरू देत नाही. राहतो उन्हाचा मार्ग. ऑक्टोबरपासून पाणी आटू लागतं, मीठ मागे उरतं आणि थंडी सरता सरता त्याचा पापुद्रा धरतो. पाऊस लांबलेल्या वर्षी डिसेंबरातही बऱ्याच भागात पाणी नाहीतर राखी चिखल असतो, आणि फोटोत दिसलेलं पांढरं मैदान शोधत लोक कडेकडेने फिरत राहतात. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ त्या मानाने भरवशाचा.

पाण्याची सत्ता केवळ ऋतूपुरती नाही, हेही लक्षात घे. 16 जून 1819 च्या भूकंपाने मोठ्या रणाच्या वायव्येला जमिनीचा लांबच लांब बांध उचलला गेला. माणसाने न बांधलेला, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटलं. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं आधीच रोडावलेलं पाणी अडलं. लखपत बंदराची रया गेली ती त्या काळात. उलट बाजूने बघायचं तर धोलावीरा बघ. खडीर बेटावरचं हे हडप्पाकालीन नगर सभोवार खारट जमीन असताना शतकानुशतकं टिकलं, ते दोन हंगामी ओढ्यांचं पाणी खडकात खोदलेल्या प्रचंड टाक्यांत साठवून. 2021 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं, पण तुमच्या बेतात त्याचं नावही नाही. तुझ्या कॅमेऱ्यासाठी आणखी एक. भिगवणला उजनीच्या पाण्यात तू ज्या रोहित पक्ष्यांच्या मागे पहाटे पळतेस, त्यांची भारतातली सर्वांत मोठी वीण कच्छच्या रणात होते. सलीम अलींनी 1940 च्या दशकात तिचा अभ्यास केला होता. रणात पुरेसं पाणी साचलं तरच तिथे मातीची घरटी उभी राहतात. पाऊस कमी झाला, की वीणही चुकते.

आता मुख्य गोष्ट. धोरडोच्या आधी छोट्या रणात जा. वीरमगामच्या पुढे पाटडी, दसाडा, झैनाबाद, बजाणा या बाजूने ते सुरू होतं. तिथे पांढरी चादर मिळणार नाही. तपकिरी, भेगाळलेली जमीन, मधूनच घुडखरांचे, म्हणजे रानगाढवांचे कळप आणि दूरवर मीठ पिकवणाऱ्या अगरियांच्या झोपड्या, इतकंच. मीठ कसं होतं ते मात्र तिथेच कळतं. आपल्याकडे उरण-पेणची किंवा मुंबईची मिठागरं भरतीच्या पाण्यावर चालतात; छोट्या रणात समुद्र नजरेच्या टप्प्यातही नसतो. अगरिये पावसाळा संपल्यावर कुटुंबासह आत जातात, विहीर किंवा बोअर घेतात आणि जमिनीखालचं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पट खारट पाणी उपसतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत दाट करायचं, मग शेवटच्या वाफ्यात लाकडी दाताळ्याने पुन्हा पुन्हा ढवळायचं, म्हणजे स्फटिक एकमेकांना न चिकटता मोठे होतात. याला वडागरा मीठ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये रास निघते, खाराघोडाला जाते आणि पावसाआधी माणसं रण सोडतात. पूर्वी पंपाच्या डिझेलमध्येच कमाईचा मोठा हिस्सा जायचा. अलीकडे सौर पंपांनी तो भार हलका केला. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीत राबायचं तिचा सातबारा नावावर नाही, आणि घुडखरांचं अभयारण्य झाल्यापासून तिथे येण्याचा हक्कही वादात. अवकाळी पाऊस पडला किंवा कालव्याचं जादा पाणी रणात शिरलं, की महिन्यांची मेहनत विरघळते. भारतातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत पिकतं. ते ज्या कामातून येतं ते फेब्रुवारीत डोळ्यांसमोर ऐन भरात असतं.

तू म्हणशील, रजा डिसेंबरातच मिळते. मिळते हे खरं, पण ती सगळ्यांनाच मिळते, म्हणून तेव्हा तंबू सर्वांत महाग आणि गर्दी सर्वांत जास्त. पौर्णिमेचं रण हवं असेल तर माघी पौर्णिमा बघ, ती बहुतेक वर्षी फेब्रुवारीत येते. आणि 31 च्या रात्रीचं म्हणशील तर गुजरातेत दारूबंदी आहे, एवढंच लिहितो. अगरियांकडे जाणं म्हणजे दुसऱ्याची गरिबी बघायला जाणं नाही का, ही शंका तुझ्या मनात येईलच, आणि ती मला जास्त वजनदार वाटते. न विचारता कॅमेरा रोखला आणि पोरांना चॉकलेटं वाटली तर नक्कीच तसं होईल. स्थानिक वाटाड्या घेऊन, कारागिराला त्याचं काम विचारावं तसं विचारलंत तर होणार नाही. धोरडोचा उत्सव म्हणजे निव्वळ दिखावा, असंही माझं मत नाही. 2005 पासून चाललेल्या त्या रणोत्सवाने धोरडोभोवतीच्या बन्नी भागातल्या भरतकाम करणाऱ्या बायकांना गिऱ्हाईक दिलं, 2023 मध्ये धोरडोला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा मान मिळाला. एक रात्र तिथे जरूर काढा, फक्त सगळी सहल तिच्यावर खर्च करू नका.

विमानाने भुजला उतरणं सोपं, हे मान्य. पण त्यात मधली वाट हुकते, आणि या वाटेला अर्थ आहे. पहाटे लवकर निघालात तर घोडबंदरची कोंडी टळेल. पुढे वलसाडजवळ धारासणा लागतं. तिथल्या सरकारी मिठागरावर मोर्चा नेण्याआधीच, 5 मे 1930 ला, गांधीजींना अटक झाली आणि त्यांना ठेवलं आपल्या येरवड्याला. 21 मे रोजी सत्याग्रहींनी तिथे लाठ्या खाल्ल्या. त्याच महिन्यात आपल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. पहिला मुक्काम सयाजीरावांच्या बडोद्यात करा, मराठीत बोललात तरी चालेल. मग छोट्या रणात दोन रात्री, तिथून रापरमार्गे धोलावीरा, आणि रणातून थेट खावड्याला जाणाऱ्या नव्या रस्त्याने धोरडो. रापरला टाकी भरून घ्या. पुढे खावड्याजवळ काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे, आरतीनंतर तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालतात. दत्ताला आपण परके नाही. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, ओळखपत्रं जवळ ठेवा, आणि सीमेचा जिल्हा आहे, विनापरवानगी ड्रोन उडवू नका.

राहिला गाडी मिठावर घालण्याचा तुमचा विचार. तो अजिबात नको. पापुद्रा वरून टणक दिसतो, खाली ओला गाळ असतो. चाक रुतलं तर ट्रॅक्टर शोधत दिवस जाईल आणि चाकोऱ्या पुढच्या पावसापर्यंत मिटणार नाहीत. अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम होत आले आहेत, पण तिथलीही वार्षिक शर्यत 2014 आणि 2015 साली पृष्ठभागाने साथ न दिल्यामुळे रद्द झाली. कसलेल्या चालकांची, तयार केलेल्या गाड्यांची ही कथा. तुमची तर कर्जाची एसयूव्ही.

तेव्हा तंबूंचं आरक्षण रद्द करण्याची मुदत आजच बघ आणि फेब्रुवारीतल्या आठ दिवसांचा रजेचा अर्ज टाक. इतके दिवस कशाला, असं आई म्हणेल; तिला मी समजावतो.

तुझा,
मामा