शर्यतीची जुनी मोटार व तिचे पुढचे पाय

मोटारींच्या शर्यतीचें नांव काढलें कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम इंजिन उभें राहतें. ज्याचें इंजिन मोठें त्याची गाडी पुढें, असा आपणां सर्वांचा साधा हिशेब असतो. परंतु शर्यतीचा मार्ग सरळ नसतो. वळण आलें कीं इंजिनापेक्षां टायरांचें काम मोठें ठरतें. प्रत्येक टायरचा जमिनीस टेकलेला भाग तळहाताहून फारसा मोठा नसतो. गाडी मार्गावर राहील कीं मार्ग सोडून जाईल, हें अशा चार तळहातांवर अवलंबून असतें. चाकें गाडीस जोडणारी व त्यांस जमिनीशीं नीट धरून ठेवणारी जी यंत्रणा, तिला सस्पेन्शन म्हणतात. जुनी गाडी शर्यतीस तयार करतांना ह्या यंत्रणेच्या पुढील अंगाचे कोणते भाग, कोणत्या क्रमानें व कां बदलावे, ह्याचा विचार आम्हीं ह्या लेखांत योजिला आहे.

उदाहरणादाखल आम्ही एम्. जी. बी. नांवाची इंग्लिश गाडी घेतों. ही गाडी १९६२ सालीं बाजारांत आली व १९८० पर्यंत इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत तयार होत होती. तेवढ्या अवधींत पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९६३ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत पॅडी हॉपकर्क व ॲलन हचसन ह्यांनीं ती चालविली. आरंभींच गाडी वाळूंत रुतली. ती उपसून काढण्यांत हचसन ह्यांचा एका तासाहून अधिक वेळ गेला. तरीही ती एकंदरींत बारावी व आपल्या वर्गांत पहिली आली. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ती अजूनही पुष्कळ दिसते, म्हणून तिच्यासंबंधींचा अनुभवही भरपूर सांठला आहे.

प्रथम मूळ रचना पाहूं. हिचा आराखडा ॲलेक इसिगोनिस व त्यांचे सहकारी जॅक डॅनियल्स ह्यांच्या हातचा. ह्याच इसिगोनिसनीं पुढें १९५९ सालीं 'मिनी' ही प्रसिद्ध छोटी गाडी जगास दिली. पुढच्या प्रत्येक चाकास एक खालची व एक वरची अशा दोन आडव्या भुजा असतात. भुजांच्या बाहेरील टोकांमध्यें एक उभी पोलादी खुंटी असते; तिला किंगपिन म्हणतात, व तिच्याभोंवतीं चाक डावीउजवीकडे वळतें. खालच्या भुजेवर थाळीसारखी बैठक असून तींत जाड स्प्रिंग बसविलेली असते. ही भुजा आंतल्या टोकाशीं रबरी बुशांवर हलते. वरची भुजा म्हणून निराळा भाग नाहीं. तेलानें भरलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचा दांडाच तें काम करतो. याशिवाय डाव्या व उजव्या भुजांस जोडणारा एक लांब पोलादी दांडा असतो. गाडी एका कुशीवर कलूं लागली कीं तो पिळला जातो व कलण्यास विरोध करतो. त्यास अँटीरोल बार म्हणतात.

आतां सुधारणेकडे वळूं. पहिली पायरी ही कीं, कांहींही नवें घेण्यापूर्वीं जुन्याची झीज तपासावी. गाडीचें पुढचें अंग जॅकवर उचलून चाक वरून व खालून धरावें आणि आळीपाळीनें ओढून पाहावें. चाक डुगडुगलें तर किंगपिन, तिचे पितळी बुश किंवा चाकाचे बेअरिंग ह्यांपैकीं कांहींतरी झिजलें आहे. एखाद्यानें ब्रेक दाबून धरल्यावरही तें डुगडुगलें, तर दोष बहुधा किंगपिनचा. ह्या किंगपिनला नियमानें ग्रीस द्यावें लागतें. ज्या मालकानें वर्षानुवर्षें तें दिलें नाहीं, त्याच्या गाडींत खालच्या टोकाचा बोल्ट गंजून अडकलेला सांपडतो. अशा गाडीवर महाग स्प्रिंगा चढविणें म्हणजे किडक्या वाशांवर नवीं कौलें घालण्यासारखें आहे.

दुसरी पायरी बुशांची. मूळ रबरी बुश मऊ असतात. त्यांमुळें खड्ड्याचा धक्का आंत कमी पोंचतो, पण जोरानें ब्रेक लावतां खालची भुजा मागेंपुढें सरकते व चाकाची दिशा किंचित् बदलते. १९७३ सालीं ह्याच गाडीचा आठ सिलिंडरांचा प्रकार निघाला. त्यांत रबर लोखंडी नळीस घट्ट चिकटविलेले बुश घातले होते. तेच बुश साध्या गाडींत बसतात, व ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सुधारणांपैकीं एक समजली जाते. एक खबरदारी मात्र घ्यावी. ह्या बुशांचे बोल्ट, गाडी चारी चाकांवर उभी करून तिचा भार बसल्यावरच शेवटचे आंवळावे. चाक लोंबत असतां आंवळले, तर गाडी खालीं येतांच रबरास कायमचा पीळ पडतो व तें लवकर फाटतें.

तिसरी पायरी स्प्रिंगांची, आणि येथें आपल्या वर्गांतील तरफेचा धडा उपयोगीं पडतो. सुरुवातीच्या उघड्या गाडीची स्प्रिंग एक इंच दाबण्यास सुमारे ३४८ पौंड भार लागे. बंद छपराच्या गाडीची सुमारे ४८० पौंडांची असे. परंतु स्प्रिंग चाकाजवळ नसून भुजेच्या साधारण मध्यावर आहे. चाक एक इंच वर गेलें तर स्प्रिंग सुमारे अर्धाच इंच दबते. शिवाय तरफेमुळें त्या जोराचा निम्माच भाग चाकापाशीं पोंचतो. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. म्हणून ३४८ पौंडांची स्प्रिंग चाकापाशीं सुमारे ८७ पौंडांचीच ठरते. विद्यार्थ्यांनीं हें गणित कागदावर मांडून पाहावें, म्हणजे शर्यतींत पांचशें पौंडांच्या स्प्रिंगा कां चालतात, हें कोडें उलगडेल.

ह्या स्प्रिंगेविषयीं एक इशारा देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. गाडी उभी असतां तिच्यांत सुमारे हजार पौंडांचा जोर कोंडलेला असतो. बैठकीखालीं जॅक न लावतां बोल्ट काढले, तर ती उसळून माणसाचा जीव घेऊं शकते. हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच करावें.

स्प्रिंगा आंखूड करून गाडी बसकी करण्याची हौस पुष्कळांस असते. गुरुत्वमध्य खालीं येतो हा लाभ खरा. परंतु फार बसकी केल्यास भुजांचे कोन बदलतात, आणि ज्या बिंदूभोंवतीं गाडीचें पुढचें अंग कलतें तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांही अधिक खालीं उतरतो. दोहोंमधील अंतर वाढल्यानें गाडी वळणांत कमी कलण्याऐवजीं अधिक कलूं पाहते. शिवाय स्टिअरिंगचे दांडे व भुजा ह्यांची चाल जुळेनाशी होऊन, उंचवट्यावर चाक आपणहून थोडें वळूं लागतें.

चौथी पायरी अँटीरोल बारची. दांड्याचा पिळास होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. ९/१६ इंचाच्या जागीं ३/४ इंचाचा दांडा घातला तर व्यास ४/३ पट होतो. पण विरोध २५६/८१, म्हणजे तिपटीहून अधिक होतो. डोळ्यांस जो फरक जेमतेम दिसतो, तो चाकांस तिप्पट जाणवतो! आतां हा लाभच आहे काय? वळणांत आंतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकंदर किती जाईल, हें गाडीचें वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर, वेग व वळणाचा बांक ह्यांवर ठरतें. दांडा फक्त त्याची पुढच्या व मागच्या जोडींतील वांटणी बदलतो. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं. म्हणून पुढचा दांडा बेतापेक्षां जाड केला, तर पुढच्या जोडीची पकड घटते. स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी सरळच जाऊं पाहते.

पांचवी पायरी शॉक ॲब्सॉर्बरची. स्प्रिंग कठीण केली कीं तिची उसळी आवरण्यास ह्यालाही अधिक जोर हवा. त्यांत नुसतें दाट तेल ओतण्याची युक्ति सर्वत्र सांगितली जाते. पण शर्यतींत तेल तापून पातळ होतें व युक्ति निकामी ठरते. आंतील झडपच बदलून घेणें बरें. कांहीं लोक जुन्या पद्धतीचा भाग काढून नळीसारखा नवा शॉक ॲब्सॉर्बर बसवितात. त्यांनीं आधीं नियम वाचावे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या 'परिशिष्ट के' ह्या नियमांखालीं होणाऱ्या ऐतिहासिक शर्यतींत गाडी तिच्या काळांतील मान्य रचनेप्रमाणेंच असावी लागते.

शेवटची पायरी चाकाच्या कलाची. ह्यास कॅम्बर म्हणतात. मूळ गाडींत चाकाचा माथा सुमारे एक अंश बाहेर कललेला असे. वळणांत गाडी कलतांच बाहेरचें चाक आणखी बाहेर झुकतें व टायर एका कडेवर चालूं लागतो. म्हणून शर्यतीसाठीं चाकाचा माथा आधींच एक ते दोन अंश आंत कलता ठेवतात, म्हणजे भर वळणांत टायर सपाट टेकतो. ह्यासाठीं किंचित् लांब खालच्या भुजा किंवा तिरकस छिद्रांचे बुश मिळतात. हा कोन बदलला कीं चाकांची समोरील दिशाही बदलते. ती पुन्हां मोजून लावावीच लागते. कोन योग्य आहे कीं नाहीं, हें टायरच सांगतो. कांहीं फेऱ्यांनंतर लगेच टायरच्या आंतील, मधल्या व बाहेरील भागांचें उष्णमान घ्यावें. बाहेरची कड फार तापली असेल, तर कल अजून अपुरा आहे.

हे सर्व भाग एकमेकांशीं किती बांधलेले आहेत, ह्याचा दाखला ह्याच गाडीच्या इतिहासांत आहे. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेंतील बंपरच्या उंचीसंबंधींच्या नियमांस अनुसरून ती सुमारे दीड इंच उंच करण्यांत आली. त्याच वेळीं उघड्या गाडीचा अँटीरोल बारही काढण्यांत आला. इंजिन तेंच, भुजा त्याच, तरी वळणांत गाडी डोलूं लागली व जाणकारांनीं तिला नांवें ठेविलीं. १९७६ सालीं पुढें जाड दांडा व मागें दुसरा दांडा देऊन ही चूक बरीचशी सुधारली गेली.

ह्यावरून घेण्यासारखा बोध एवढाच. एका वेळीं एकच भाग बदलावा, प्रत्येक बदल वहींत टिपून ठेवावा, आणि परीक्षा घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. सर्व भाग एकदम बदलणाऱ्यास गाडी बिघडली तर कशानें बिघडली, व सुधारली तर कशानें सुधारली, हें कधींच कळत नाहीं. अशी गाडी भर वेगांत वळणावर जेव्हां दगा देते, तेव्हां विचार करण्यास वेळ उरलेला नसतो. तो विचार आधींच, कारखान्याच्या फरशीवर, हातीं ग्रीसची चिंधी व मोजपट्टी घेऊन करावयाचा असतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें यंत्रविद्येकडे वळले, तर त्यांनीं ही एवढी संवय आजपासूनच लावून घ्यावी, अशी आमची त्यांस सूचना आहे.